महालातलं पाच कॉम्प्युटरचं दुकान फुकटच्या सॉफ्टवेअरवर: आधी फॉन्ट, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या महाल भागात डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं) आणि छपाईचं दुकान आहे, पाच कॉम्प्युटर आहेत. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, फ्लेक्स, पासपोर्ट फोटो आणि कोर्टाचं थोडं टायपिंग अशी कामं चालतात. सगळ्या मशीनवर ऑफिस, कोरलड्रॉ आणि फोटोशॉप आहे, एका जुन्या मशीनवर पेजमेकर (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचा संच). बहुतेक सगळं कॉम्प्युटर असेंबल करून देणाऱ्यानं ‘टाकून दिलेलं’. ओळखीच्या एका प्रेसला परवाने तपासणीचं पत्र आलं आणि धास्ती बसली. सगळं दुकान फुकटच्या पर्यायांवर नेता येईल का, आणि नेलं तर काम अडणार नाही ना?

चार मशीन पूर्णपणे नेता येतील. पाचव्यावर कोरलड्रॉचा एक परवाना रीतसर विकत घ्या आणि तेच मशीन बाहेरून येणाऱ्या फाइल उघडायला ठेवा. पण हे सगळं सॉफ्टवेअर बदलून सुरू करू नका. तुमचा मराठी मजकूर ज्या जुन्या फॉन्टमध्ये अडकला आहे तो आधी सोडवा. बहुतेक दुकानं इथेच फसतात. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर टाकतात, जुनी पत्रिका उघडतात, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि ‘हे चालत नाही’ म्हणून दोन दिवसांत परत क्रॅकवर, म्हणजे कुलूप फोडलेल्या बिनपरवाना प्रतीवर येतात. वास्तविक त्यात लिबरऑफिसचा दोष नसतो.

त्याआधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते बघा. प्रत्येक मशीनवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, मग मोकळी जागा, तिरकी रेघ आणि डी-एल-व्ही एवढं टाइप करून एंटर करा. थोड्या वेळानं खिडकी उघडते. तिच्यातल्या वर्णनाच्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम असा शब्द दिसेल. ओईएम म्हणजे त्या मशीनसोबतच आलेला परवाना. तो त्याच मदरबोर्डला बांधलेला असतो, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. रिटेल म्हणजे सुटा घेतलेला, त्याचं बिल शोधा. आणि ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ दिसलं तर समजून जा. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची व्यवस्था आहे. संस्थेच्या नेटवर्कवर विंडोजची किमान २५ मशीन असल्याशिवाय तिथला केएमएस सर्व्हर विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करतच नाही, ऑफिससाठी हा आकडा ५ आहे, आणि हे अ‍ॅक्टिव्हेशन दर १८० दिवसांच्या आत नवं व्हावं लागतं. पाच मशीनच्या दुकानात विंडोजवर हा शब्द दिसतो तेव्हा त्यामागे एखादा अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे खोटं अ‍ॅक्टिव्हेशन करणारा प्रोग्राम बसवलेला असतो. असा अ‍ॅक्टिव्हेटर टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, कोर्टाचे कागद आणि बँकेचं लॉगिन ज्या मशीनवर आहे त्याच मशीनचं दार आपण तेव्हा उघडं ठेवत असतो.

बिल असूनही चूक असू शकते. लॅपटॉपसोबत आलेलं ‘होम अँड स्टुडंट’ ऑफिस अस्सल असतं, पण त्याचा परवाना धंद्यासाठी नाही. दुकानाला ‘होम अँड बिझनेस’ किंवा व्यवसायाची वर्गणी लागते. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणारी ऑफिसची ‘की’ बहुतेकदा कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम परवान्यातून फुटलेली असते. ती चालते, पण तुमच्या नावावर काहीच होत नाही, आणि कंपनीनं ती रद्द केली की बंद पडते. फोटोशॉप सीएस-२ बद्दलही एक गैरसमज वर्षानुवर्षं फिरतो आहे. २०१३ मध्ये अडोबीनं त्या आवृत्तीचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी ती विकत घेतली होती त्यांच्यासाठी डाउनलोड आणि सीरियल नंबर उघडे ठेवले. ते सगळ्यांना फुकट नव्हतं.

उलट, जुनं आहे म्हणजे बेकायदा आहे असंही नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. तिची मूळ सीडी आणि बिल कपाटात असेल तर ती तुम्ही आजही वापरू शकता. कोरलच्या जुन्या कायमस्वरूपी आवृत्तीचंही तेच. म्हणून कपाटं नीट उपसा. सीडीचे डबे, सीओएचे (अस्सलपणाच्या दाखल्याचे) स्टिकर, जीएसटीच्या आधीची व्हॅटची बिलं, सगळं एका फोल्डरमध्ये स्कॅन करा.

कायदा काय म्हणतो तेही नीट माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ६३-ब खास सॉफ्टवेअर वापरणाऱ्यासाठी आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, पण दुकानाला ही सवलत लागू होत नाही. कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘कॉम्प्युटरवाल्यानं टाकून दिलं’ यानं तुमची जबाबदारी संपत नाही, कारण कलम ६३-ब वापरणाऱ्याबद्दल बोलतं. आणि एक गोष्ट सगळेच विसरतात: फॉन्टही सॉफ्टवेअरच आहे. श्रीलिपी हार्डवेअर लॉकसोबत (कॉम्प्युटरला जोडायच्या छोट्या उपकरणासोबत) विकलं जायचं. लॉक नाही आणि फॉन्ट कुणाच्या पेन ड्राइव्हवरून आले असतील तर तेही बिनपरवान्याचेच.

आता फॉन्टचं मूळ दुखणं. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी हे सगळे फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीच्या पद्धतीनं बनलेले आहेत. त्यात ‘क’ हे अक्षर साठवलेलंच नसतं. एखाद्या इंग्रजी चिन्हाच्या जागेवर ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढला की मागे ते इंग्रजी चिन्ह उरतं. शिवाय साठवण दिसण्याच्या क्रमानं होते: ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, क आधी, वेलांटी नंतर. त्यामुळे नुसता फॉन्टचं नाव बदलून काही होत नाही, मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. कन्व्हर्टर ज्या फॉन्टसाठी बनला आहे त्याच फॉन्टला वापरा. श्रीलिपीच्याही वेगवेगळ्या मालिका आहेत आणि त्यांचे नकाशे एकसारखे नाहीत.

बदलून आलेल्या मजकुरात चुका ठरावीक जागी होतात, म्हणून तपासणाऱ्याला त्या जागा सांगून ठेवा. जोडाक्षरावरची पहिली वेलांटी (स्थिती, व्यक्ती, निश्चित), रफार (कार्यक्रम, आशीर्वाद), ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ मधला अर्धा र, अनुस्वार आणि रफार एकत्र आलेली अक्षरं, आणि आकडे. पत्रिकेत मुहूर्ताची वेळ किंवा मोबाइल नंबरातला एक आकडा बदलला तर सगळी थप्पी परत छापावी लागते. आकडे मूळ प्रतीशी बोट ठेवून ताडून बघा. सगळा जुना साठा बदलायच्या फंदात पडू नका. श्लोक, निमंत्रणाचे ठरलेले मजकूर, बिलबुकांचे नमुने, नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते एवढं बदललं तरी रोजच्या कामाचा मोठा भाग सुटतो. बाकीचं मागणी येईल तसं.

टायपिंगसाठी विंडोज आणि लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) दोन्हीमध्ये इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी आधीच असते, फक्त भाषा मराठी निवडून कीबोर्ड जोडायचा. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र अनेकांना सापडत नाही. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे (नुक्त्याचा र), मग डी (हलन्त), मग तिरकी रेघ (य). नुसत्या जे-नं केलं तर ‘दुसर्या’ होतं. ज्यांचा हात रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर) बसलेला आहे त्यांना जबरदस्तीनं इनस्क्रिप्टवर आणू नका. रेमिंग्टनच्या मांडणीतून युनिकोड टाइप करणारे कीबोर्ड मिळतात. वर्षानुवर्षांचा टायपिंगचा वेग एका आठवड्यात घालवून बसलं की माणूस सगळ्या बदलावरच चिडतो.

फॉन्ट कुठले? मुक्त परवान्याचे, म्हणजे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सचे देवनागरी फॉन्ट आता चांगले आणि भरपूर आहेत. बिलबुकं आणि फॉर्मसाठी मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी, पुस्तकी मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका, मथळ्यांना बालू, हाताच्या वळणासाठी कलम, फ्लेक्सवर ठसठशीत हवं तर मोदक. या परवान्यात छपाई, पीडीएफमध्ये एम्बेड करणं, कितीही मशीनवर टाकणं, गिऱ्हाइकाकडून पैसे घेणं सगळं चालतं. फक्त नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही. मंगल आणि निर्मला हे मायक्रोसॉफ्टचे आहेत. विंडोजवर वापरा, पण उचलून लिनक्सच्या मशीनवर टाकू नका. आणि ‘फ्री फॉन्ट’च्या साइटवरून घेताना सोबतची मजकूर-फाइल उघडून वाचा. ‘वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असेल तर तो पत्रिकेवर चालत नाही.

ऑफिसच्या जागी लिबरऑफिस घ्या. २०१० मध्ये ते ओपनऑफिसपासून वेगळं झालं, आणि आज काम त्यातच होतं आहे. ओपनऑफिस नावानं मिळतं, पण जवळपास थांबलेलं आहे, ते टाकू नका. द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या साइटवरून पैसे न देता उतरवता येतं, धंद्याला आणि कितीही मशीनला चालतं. टाकल्यावर एक सेटिंग केल्याशिवाय मराठीला हात लावू नका. टूल्स, मग ऑप्शन्स, मग लँग्वेजेस अँड लोकेल्स. तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल, देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) सुरू करा आणि त्याची भाषा मराठी ठेवा. मग ऑप्शन्समध्येच लिबरऑफिस रायटरखाली बेसिक फॉन्ट्सच्या सीटीएल विभागात मुक्ता ठरवून टाका. कारण असं की लिबरऑफिस इंग्रजी आणि देवनागरी यांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे साठवतं. ‘फॉन्ट बदलला पण मराठी अक्षर बदललंच नाही’, ‘इंग्रजी १४ चं झालं, मराठी १२ वरच राहिलं’ अशा तक्रारींचं मूळ जवळजवळ नेहमी इथेच असतं. फॉरमॅट, कॅरेक्टर उघडलं की दोन्हींचे रकाने वेगळे दिसतात. स्टाइलमध्ये एकदा नीट लावलं की रोज बघावं लागत नाही. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक फायदा: ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात, त्यात ते आपोआप येतात. भाषा हिंदी राहिली तर पत्रिकेत हिंदी वळणाचा ल छापून जातो आणि जाणकार गिऱ्हाइकाच्या तो लगेच डोळ्यात भरतो.

वर्डच्या फाइलची मांडणी हलते ती बहुतेकदा फॉन्टमुळे. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया लिबरऑफिससोबतच येतात, म्हणून त्या फाइल जागेवर राहतात. नव्या वर्डचा ठरलेला फॉन्ट आप्टोस आहे, त्याला असा जुळा नाही, तिथे ओळी सरकणार. गिऱ्हाइकाला परत वर्डमध्ये दुरुस्ती करायची असेल तर डॉकेक्समध्ये (वर्डच्या फाइलमध्ये) सेव्ह करा, पण स्वतःकडे ओडीटी (लिबरऑफिसची स्वतःची फाइल) ठेवा. प्रत्येक वेळी डॉकेक्स उघडणं-मिटणं केलं की तक्ते आणि क्रमांक हळूहळू बिघडत जातात. नुसतं बघायला किंवा छापायला द्यायचं असेल तर पीडीएफच द्या. हायकोर्टाच्या खंडपीठासाठी टायपिंग करणाऱ्यांना एक्सपोर्ट पीडीएफच्या खिडकीत पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) चा पर्याय मिळतो.

लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलच्या जागी) बिलं आणि हिशेब चालतात. लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर लोकेल इंग्लिश (इंडिया) ठेवा. टॅलीतून एक्सेलमध्ये काढलेली पत्रकंही कॅल्कमध्ये उघडतात. अडतं ते एक्सेलच्या मॅक्रोंवर, म्हणजे फाइलमध्ये भरलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञांवर. जीएसटीआर-९ ची ऑफलाइन युटिलिटी एक्सेलवरच चालते, तसंच काही ऑफिसांचे बंदिस्त फॉर्म. हे काम तुमचा सीए करत असेल तर प्रश्नच नाही. तुम्ही गिऱ्हाइकांसाठी करत असाल तर एका मशीनवर धंद्याच्या परवान्याचं एक्सेल ठेवा.

फ्लेक्सचं काम सगळ्यात सोपं सुटतं. फ्लेक्सच्या मशीनला शेवटी चित्रच लागतं, टिफ किंवा जेपेग. इंकस्केप या कोरलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये १ ला १० या मापानं काम करा. १० फूट बाय ४ फुटांच्या फ्लेक्ससाठी १२ इंच बाय ४.८ इंचांचं पान घ्या आणि ७२० डीपीआयनं (इंचाला ७२० ठिपके) पीएनजी ही चित्राची फाइल काढा. ८६४० बाय ३४५६ पिक्सेल मिळतात, म्हणजे प्रत्यक्ष फ्लेक्सवर इंचाला ७२. चौकात वर टांगायच्या फ्लेक्सला एवढं पुरतं. माणूस समोर उभा राहून वाचेल असा स्टॉलचा फलक असेल तर दुप्पट घ्या. मग ते पीएनजी जिंप या फोटोशॉपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून, पारदर्शक थर काढून, टिफ करा. इंकस्केपमधलं देवनागरी नीट जुळतं. मात्र फाइल बाहेर देताना अक्षरं निवडून पाथ मेनूतलं ऑब्जेक्ट टू पाथ करा, म्हणजे कोरलच्या भाषेत कर्व्ह: अक्षरांचं चित्र होतं, फॉन्ट लागत नाही, पण मजकूर बदलताही येत नाही. कर्व्ह केलेल्या फाइलसोबत न केलेली एक प्रत नेहमी ठेवा. मंडळाचा अध्यक्ष शेवटच्या दिवशी बदलतो.

फोटोसाठी जिंप पुरतं. मार्च २०२५ ला आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर पुन्हा बदलता येतील असे लावता येतात, ही फोटोशॉपवाल्यांची मोठी तक्रार होती. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो. ही मापं क्रॉप टूलमध्ये एकदा भरून ठेवा. बाहेरून आलेली पीएसडी (फोटोशॉपची फाइल) जिंप उघडतं, पण स्मार्ट ऑब्जेक्ट असले की चित्र वेगळं दिसू शकतं. तिथे ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपिया बरं पडतं, अल्बमच्या तयार पीएसडी त्यात जास्त बिनचूक उघडतात. कामाचा वेग सुरुवातीला कमी होतो हे खरं आहे. एडिट मेनूतून शॉर्टकट फोटोशॉपसारखे लावून घेतले की हात लवकर बसतो.

ऑफसेटला मात्र जपा, तिथे खरं नुकसान होऊ शकतं. इंकस्केप आणि जिंप दोन्ही मुळात आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतात, तर ऑफसेटची छपाई सीएमवायके या चार रंगांत होते आणि प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते. आरजीबीतला काळा प्लेट काढताना चारही रंगांत विभागला जातो. पत्रिकेतली १० पॉइंटची अक्षरं चार प्लेटांवर गेली आणि छपाईत रजिस्टर (प्लेटांचा एकमेकांवरचा जुळाव) केसभर जरी हललं तरी प्रत्येक अक्षराला निळी-लाल कड दिसते. वेलांट्या आणि अनुस्वार तर भरूनच जातात. स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही, प्लेटांचा खर्च झाल्यावर कळतं.

म्हणून ऑफसेटची फाइल शेवटी स्क्रायबस या पेजमेकरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून काढा. आवृत्ती १.६ किंवा पुढचीच. जुन्या १.४ मध्ये देवनागरी जुळतच नव्हतं, वेलांट्या सुट्या पडायच्या. त्या अनुभवावरून स्क्रायबस सोडून दिलेल्यांनी परत बघावं. सजावट इंकस्केपमध्ये करा, त्यातली अक्षरं कर्व्ह करून एसव्हीजी सेव्ह करा आणि स्क्रायबसमध्ये फाइल, इम्पोर्ट, गेट व्हेक्टर फाइलनं आणा. स्क्रायबस आलेल्या प्रत्येक रंगाला स्वतः नाव देतं. एडिट मेनूतल्या कलर्समध्ये जा, ‘फ्रॉम एसव्हीजी’ने सुरू होणारं आणि सहा शून्यांनी संपणारं नाव शोधा. हा तुमचा आरजीबी काळा. तो उघडून मॉडेल सीएमवायके करा, पहिले तीन शून्य आणि के १००. त्या एका बदलानं सगळी काळी अक्षरं एका प्लेटवर येतात. बाकीचे रंगही तिथेच सीएमवायकेत पक्के करा. कुंकवाचा लाल साधारण मॅजेंटा १००, यलो १०० पासून सुरू करून तुमच्या कागदावर बघून घ्या. लांब मजकूर असेल, स्मरणिका किंवा अहवाल, तर तो लिबरऑफिसच्या ओडीटीमधून थेट स्क्रायबसच्या चौकटीत आणा आणि हायफनेशन बंद ठेवा.

पानाला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापायला सोडलेली जास्तीची कड), फोटो ३०० डीपीआय. फाइल देण्याआधी फाइल मेनूतल्या आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये जाऊन फक्त काळी प्लेट बंद करा. मजकूर पूर्ण गायब झाला पाहिजे. थोडा जरी करडा उरला तर कुठे तरी चार रंगांचा काळा शिल्लक आहे. विंडोजवर हे बघायला घोस्टस्क्रिप्ट वेगळं टाकावं लागतं. पीडीएफ/एक्सचे (छपाईसाठीच्या पीडीएफचे) पर्याय दिसत नसतील तर कलर मॅनेजमेंट बंद आहे, ते आधी सुरू करा. प्री-प्रेसच्या पानावर माहितीची ओळ रिकामी असेल तरी फाइल निघत नाही, तिथे कामाचं नाव लिहा. प्लेटवाल्याकडची यंत्रणा जुनी असेल तर फॉन्टच्या पानावर सगळे फॉन्ट आउटलाइन करण्याचा पर्याय घ्या. आणि पहिलं काम एकरंगी बिलबुकाचं करा, चाररंगी पत्रिकेचं नको.

आता कोरल. इतवारी-गांधीबाग भागात डिझाइन, प्लेट, कटिंग, लेसर या सगळ्यांची देवाणघेवाण सीडीआरमध्ये (कोरलच्या फाइलमध्ये) चालते, ती तुमच्या एकट्याच्या निर्णयानं बदलणार नाही. इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ सीडीआर उघडतात, पण पॉवरक्लिप, मेश फिल ही कोरलची खास कामं आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर यांची खात्री नाही. बाकीची चार मशीन मोकळी होतात ती याच एका विकतच्या कोरलमुळे, म्हणून हा खर्च टाळू नका. आलेली सीडीआर तिथे उघडायची, कर्व्ह करायची, एसव्हीजी किंवा पीडीएफ करून पुढे द्यायची. पेजमेकरच्या फाइल लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, मजकूर आणि चौकटी येतात, मांडणी हलते. पेजमेकरचं मशीन चालू आहे तोवर महत्त्वाच्या कामांच्या पीडीएफ काढून ठेवा. त्या मशीनची हार्ड डिस्क नागपूरच्या किती उन्हाळ्यांची आहे ते तुम्हालाच माहीत.

‘फुकट’ दिसतं ते सगळं दुकानाला फुकट नसतं. डब्ल्यूपीएस ऑफिसची मोफत आवृत्ती, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर हे वैयक्तिक वापरासाठी मोफत आहेत. विनरार ४० दिवसांच्या चाचणीनंतर विकत घ्यायचं असतं, त्याच्या जागी सेव्हन-झिप घ्या. अ‍ॅफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून मोफत झालं आहे, पण ते कॅन्व्हा कंपनीचं आहे. किंमत शून्य असली तरी अटी त्यांच्या, आणि त्या उद्या बदलू शकतात. शिवाय त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी जुळत नसे. कुठलंही नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी ‘दुसऱ्या राष्ट्रीय स्थितीचं क्षितिज’ एवढं टाइप करून बघा, नीट उमटलं तरच पुढचा विचार करा. लिबरऑफिस, जिंप, इंकस्केप, स्क्रायबस यांचा परवानाच असा आहे की दिलेली परवानगी परत घेता येत नाही. त्यांच्या अटी सॉफ्टवेअर वाटणाऱ्याला लागतात. त्यात केलेली पत्रिका तुमची आणि गिऱ्हाइकाचीच राहते, ती ‘मुक्त’ वगैरे होत नाही.

विंडोजही याच यादीत येतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि असेंबल मशीनवर ते बहुधा परवान्याशिवायच असतं. टायपिंग आणि फ्लेक्सच्या मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू २४.०४ टाका. लिबरऑफिस, जिंप, इंकस्केप आणि स्क्रायबस त्यावर तशीच चालतात. टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन चालतं का ते बघा. टॅली आणि कोरल विंडोजच्या मशीनवरच ठेवा.

हे काम आषाढात काढा. लग्नं थांबलेली असतात आणि पोळा-मारबत-गणपतीचं काम सुरू व्हायचं असतं. पहिला आठवडा फॉन्ट आणि नेहमीचे मजकूर, दुसरा लिबरऑफिस, मग फ्लेक्स आणि फोटो, शेवटी ऑफसेट. ज्या मशीनवर ज्या कामाची घडी बसली तिथून क्रॅक त्याच दिवशी काढा. राहू दिला तर हात परत तिकडेच जातो.

यादरम्यान तुमच्याच नावानं पत्र आलं तर रातोरात डिस्क पुसू नका, पुरावा नष्ट केला असा त्याचा अर्थ लावता येतो. सोबतच्या फॉर्मवर खोटे आकडे भरून सही करू नका. आधी वकिलाला दाखवा, पत्र खरंच त्या कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीकडून आहे का ते तपासून घ्या आणि लेखी उत्तर द्या. त्या उत्तरासोबत जोडायला एक तक्ता आजच करून ठेवा: मशीनचा क्रमांक, त्यावरचं सॉफ्टवेअर, परवान्याचा प्रकार, बिलाचा क्रमांक आणि तारीख, कधी टाकलं, कधी काढलं. फॉन्टसाठी खाली वेगळ्या ओळी धरा.